साड्यांच्या कपाटातलं शेवटचं बंदर

आमच्या घरातली सगळ्यात शांत जागा म्हणजे बायकोचं साड्यांचं कपाट, हे मला २०१६ च्या हिवाळ्यात मोजून कळलं. कपाट म्हणजे इथे ऑकलंडमध्ये एक छोटी खोलीच असते. बेडरूमला लागून, दार असलेली, खिडकी नसलेली. आमची दोन मीटर बाय दीड मीटर. तिन्ही भिंतींना हँगरवर साड्या, वरच्या फळीवर आईने पुण्याहून आणलेल्या गोधड्या, खाली जाड कार्पेट. फोनवर आवाज मोजायचं एक फुकट अ‍ॅप मिळतं. त्यावर हॉलमध्ये एकेचाळीस डेसिबल दिसत होते, फ्रिजजवळ चव्वेचाळीस, आणि कपाटात शिरून दार लावलं की एकोणतीस. खात्री करायला मी पुन्हा मोजत होतो तेवढ्यात बायकोने दार उघडलं.

"अहो, काय चाललंय?"

"शेजारच्या आजींना बसवायला जागा बघतोय."

"माझ्या साड्यांत?"

शेजारच्या आजी कोण ते आधी सांगायला हवं.

आम्ही २०११ साली ऑकलंडला आलो आणि दोन वर्षांनी फ्लॅट बुश या उपनगरात घर घेतलं. आजूबाजूची सगळी घरं दुमजली, आमचं एकमजली. आईचे गुडघे लक्षात घेऊन मुद्दाम तसं शोधलेलं. मुलगी क्राइस्टचर्चला शिकायला गेल्यावर घरात तिघंच उरलो, मी, बायको आणि आई. मी पाण्याच्या पाइपलाइनची डिझाइनं करतो, बायको एका शाळेच्या ऑफिसात आहे. त्यामुळे दिवसभर घरी आई एकटी. शेजारच्या घरात एक जपानी फार्मासिस्ट बाई राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची आई. त्याही दिवसभर एकट्या. दोन एकट्या बायकांच्या मध्ये गुडघाभर उंचीचं कुंपण, ते किती दिवस टिकणार?

आई दुपारी टॅबलेटवर मराठी मालिका बघते. तीनच्या सुमाराला शेजारच्या आजी हातात चार संत्री घेऊन यायच्या आणि आईशेजारी बसून मालिका बघायच्या. आई मराठीत बोलायची, त्या जपानीत. दोघींचं फार छान जमलं, कारण कुणालाच दुसरीचं ऐकून घ्यावं लागत नव्हतं. आम्ही सगळे "आई, आई" म्हणतो ते ऐकून त्या आईला "आई-सान" म्हणायला लागल्या. माझं नाव त्यांना जमेना, म्हणून मी "इंजिनिअर-सान".

एकदा मी घरून काम करत होतो. मालिकेतल्या सासूबाई पडद्यावर आल्या तशा आजींनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, डोळे मिटले आणि मान एका बाजूला टाकली. दुसऱ्या दिवशी त्या सासूबाई खरंच वारल्या.

"अरे, ही बाई काहीतरी विद्या जाणते," आई मला म्हणाली. "विचार तिला."

मी इंग्रजीत विचारलं. आजींचं इंग्रजी तुटक होतं, पण मुद्द्याचं.

"कॅमेरा तीन दिवस तिच्या जवळ जवळ येतोय," त्या म्हणाल्या. "आणि अचानक तिला चांगली साडी दिलीय. मलाही असंच मारायचे."

"तुम्हाला? कोण?"

"सगळे," त्या म्हणाल्या आणि संत्रं सोलायला लागल्या.

असं आम्हाला कळलं की आमच्या शेजारी जपानची एक जुनी नटी राहते. तशी जगप्रसिद्ध वगैरे नाही. आपल्याकडे कसं, काही चेहरे सगळ्यांना माहीत असतात आणि नाव कुणालाच आठवत नाही, त्यातल्या. वयाच्या सतराव्या वर्षी एका कोळ्यांच्या बंदरातून टोकियोच्या स्टुडिओत आल्या. पहिलं काम सरकतं दार उघडून चहाचा ट्रे आत ठेवण्याचं. दिवसभर तेच चाललं होतं, कारण दार प्रत्येक वेळी किंचित जास्त उघडायचं. मग नायिकेची धाकटी बहीण. एकदा खुद्द नायिका, पण तो सिनेमा पडला. मग नायिकेची मैत्रीण, मग वाट बघणारी बायको, मग आई. एका नटाची आई त्या इतक्या वेळा झाल्या की तो खऱ्या आयुष्यातही वाकून नमस्कार करायला लागला.

"तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा," आजी म्हणाल्या.

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कशाला? नमस्कार चांगला करायचा."

पुढे टीव्ही आला, त्यात सासू, आजी, दोन भुतं. आणि पन्नाशी ओलांडल्यावर एका कार्यक्रमाचं निवेदन मिळालं. दर आठवड्याला जपानमधलं एक छोटं बंदर दाखवायचं, अर्धा तास. पडद्यावर होड्या, जाळी, मासे वाळत घातलेले, आणि मागून यांचा आवाज. त्यांनी ते काम का घेतलं तर मेकअप करावा लागत नाही म्हणून. ते चोवीस वर्षं चाललं. इकडे लेकीकडे राहायला आल्यावरसुद्धा दर दोन महिन्यांनी टोकियोला जाऊन आठ-नऊ भाग एकदम वाचून यायच्या.

मी लगेच गुणाकार केला. "म्हणजे हजारावर बंदरं झाली. जपानमध्ये एवढी आहेत?"

"इंजिनिअर-सान," त्या म्हणाल्या, "काही ठिकाणी आम्ही दोनदा गेलो. प्रेक्षक विसरतात."

एक बंदर मात्र राहिलं होतं, त्यांचं स्वतःचं. सुरुवातीच्या दिग्दर्शकाशी त्यांचं ठरलं होतं की ते सगळ्यात शेवटी करायचं, कार्यक्रम बंद होईल तेव्हा. २०१६ च्या सप्टेंबरात कार्यक्रम बंद व्हायचा होता. नवा तरुण निर्माता ठरल्याप्रमाणे तिथे जाऊन शूटिंग करून आला. आणि जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, आजी बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विमानप्रवासाला बंदी घातली, जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर आई आणि बायको त्यांना भेटायला गेल्या, मी मागून डबा घेऊन. आजींच्या मांडीवर टॅबलेट होता. टोकियोहून मेल आली होती.

"खूप नम्र मेल आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे वाईट बातमी."

निर्मात्याने लिहिलं होतं की आपल्या प्रकृतीची आम्हाला अतिशय काळजी वाटते, आपल्याला तसदी देणं योग्य नाही, म्हणून शेवटचा भाग एक तरुण अभिनेत्री वाचेल आणि सुरुवातीला आपले विशेष आभार मानले जातील.

"मग?" बायकोने विचारलं.

"मी हजार बंदरं वाचली," आजी म्हणाल्या. "दुसऱ्यांची."

आईला भाषा कळली नव्हती, पण ती म्हणाली, "हिला काहीतरी हवंय आणि ते कुणीतरी देत नाहीये. अरे, बघ ना जरा."

आजींच्या लेकीने निर्मात्याला फोन लावला. इथे ऑकलंडमधला एक स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती, दुसरा महिनाभर भरलेला. शेवटी निर्माता म्हणाला, घरी रेकॉर्ड करता आलं तर बघू, आम्ही माईक पाठवतो. पण मागे कसलाही आवाज नको. पंधरा दिवसांत स्वच्छ रेकॉर्डिंग आलं नाही तर तरुण अभिनेत्रीची तारीख घेतलेली आहे.

लेकीचं घर बघितलं. उंच छत, लाकडी फरशी, मोठ्या काचा. मी टाळी वाजवली तर ती परत आली. तिथे रेकॉर्डिंग म्हणजे विहिरीत बसून बोलल्यासारखं झालं असतं. म्हणून मी फोन घेऊन आमच्या घरात फिरायला लागलो आणि कपाटात पोचलो.

बायकोने परवानगी दिली, पण अटी घातल्या. साड्या हलवायच्या नाहीत, पैठणीला हात लावायचा नाही आणि कपाटात चहा न्यायचा नाही. मी म्हटलं, साड्या हलवायच्या नाहीतच, साड्यांमुळेच तर आवाज मरतोय. रेशीम, सुती, गोधड्या, सगळ्यांनी मिळून भिंती झाकल्या होत्या. तिला ते आवडलं. पुढे महिनाभर ती मैत्रिणींना सांगत होती, "साड्या जास्त आहेत म्हणतात ना, बघा, उपयोग झाला."

डांबराच्या गोळ्या मात्र काढाव्या लागल्या. आजी आत बसून बघायला आल्या आणि लगेच खोकल्या. दोन दिवस दार उघडं ठेवून वास घालवला. आमच्या दारात एक पायरी आहे, तिथे मी प्लायवूडचा उतार केला, एकास बारा, म्हणजे चढ जाणवू नये असा. आजी वॉकर घेऊन त्यावरून चढल्या आणि म्हणाल्या, "स्टुडिओत मला एवढं कुणी केलं नाही. तिथे केबल ओलांडून जावं लागतं."

मग टोकियोहून माईक आणि रेकॉर्डर आले, आणि कळलं की ते त्यांना चालवता येत नाहीत.

"साठ वर्षं मी फक्त बोलले," त्या म्हणाल्या. "बटणं दुसऱ्यांची असतात."

तर बटणं माझ्याकडे आली. लॅपटॉपवर चित्र चालणार, आजी ते बघत वाचणार. कागदावर जपानी अक्षरं उभी, वरून खाली. त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक ओळीच्या डोक्यावर वेळ लिहिलेली होती आणि ते आकडे आपलेच, म्हणजे इंग्रजी. मिनिट, सेकंद. ते आले की मी खूण करायची. स्टुडिओत त्यासाठी लाल दिवा असतो. मी माझ्या सायकलचा मागचा दिवा लावून घेतला. कपाटात आम्ही दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो, त्या खुर्चीवर, मी पाटावर, कारण दुसरी खुर्ची मावत नव्हती.

सरावाला मी अगदी आकड्यावर दिवा लावला. आजी थांबल्या.

"उशीर झाला."

"नाही हो, बरोबर बारा सेकंदांवर लावला."

"दिवा बोलायला नसतो. श्वास घ्यायला असतो. अर्धा सेकंद आधी."

पुढच्या वेळी मी अर्धा सेकंद आधी लावला, आणि होडी धक्क्याला टेकायला आणि आवाज निघायला एकच गाठ पडली. मला उगीचच मीच काहीतरी केल्यासारखं वाटलं.

कागद उलटायचा आवाजही चालत नाही. वाचून झालेलं पान त्या दोन कोपऱ्यांना धरून उचलायच्या आणि शेजारी ठेवलेल्या मऊ टॉवेलवर अलगद सोडायच्या, वाचणं न थांबवता. बायको हे दारातून बघत होती. तिने मुकाट्याने हातातल्या बांगड्या काढल्या.

पहिलं रेकॉर्डिंग रविवारी सकाळी सातला ठेवलं. रविवारी मागच्या प्लॉटवर बांधकामाची माणसं नसतात. पण दहानंतर गवत कापायची यंत्रं सुरू होतात. बायको आदल्या दिवशी पाच घरांत जाऊन सांगून आली. समोरचा सामोअन शेजारी म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, मी तर दुपारीच उठतो." म्हणजे इथल्या बोलीत, अगदी चालेल. फ्रिज बंद केला, घर गरम ठेवणारा हीटपंप बंद, घड्याळं बाहेर अंगणात. कुकर लावायचा नाही असं आईला बजावून ठेवलं. आई म्हणाली, "मी काय कुकर आहे का? मला कशाला बजावता?" आणि सोफ्यावर शाल पांघरून बसली.

मी अ‍ॅप बघितलं. एकोणतीस. लाल दिवा लावला. आजींनी पूर्ण भाग एका बैठकीत वाचला. मला शब्द कळत नव्हता, पण एवढ्या जवळून तो आवाज ऐकताना कपाट लहान आहे हे विसरायला झालं. त्या मोठ्याने बोलतच नव्हत्या. शेजारच्या माणसाला काहीतरी दाखवावं तसं बोलत होत्या.

फाइल पाठवली. दोन दिवसांनी टोकियोहून उत्तर आलं. लेकीने ते आमच्या डायनिंग टेबलाशी बसून वाचून दाखवलं.

"आवाज उत्तम आहे. आपल्या कष्टांबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु मागे एक गृहस्थ सतत काहीतरी म्हणत आहेत. शक्य असल्यास त्यांना थोडी विश्रांती देता येईल का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही सेकंद मोजताना पुटपुटता," बायको म्हणाली. "भाजी चिरताना पण पुटपुटता."

"मी तोंड उघडलं नाही! शपथ!"

"मग दुसरे गृहस्थ कोण आहेत घरात?"

मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. आजींचं वाक्य संपलं की मधल्या शांततेत, खूप खाली, विहिरीच्या तळाशी कुणी बसावं तसा एक पुरुषी आवाज. लयीत. न थांबता. मला काही कळेना. बायकोने हेडफोन ओढून घेतले, कानाला लावले आणि तिचे डोळे मोठे झाले. तिने देवघराकडे बघितलं.

देवघरात आईचं नामाचं यंत्र आहे. तळहातात मावेल एवढा प्लॅस्टिकचा डबा, त्यात रामनाम चालू असतं, दिवसरात्र, बारीक आवाजात. वास्तुशांतीच्या दिवशी आईने ते लावलं, त्यानंतर ते बंद झालेलं नाही. वीज गेली तर आत सेल आहेत. देवघर आणि कपाट यांच्यामध्ये प्लास्टरबोर्डची एक भिंत. आम्ही फ्रिज बंद केला, घड्याळं अंगणात नेऊन ठेवली, आणि हे आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नाही. मला तर अ‍ॅपने एकोणतीस दाखवले होते. त्या एकोणतीसमध्ये रामनाम धरलेलं होतं, कारण त्याच्याशिवाय हे घर मी कधी मोजलंच नव्हतं.

"आई, ते यंत्र बंद करायचं राहिलं," मी म्हटलं.

"बंद का करायचं? आवाज करू नका म्हणालात ना तुम्ही?"

"अगं, तो आवाजच आहे."

"तो आवाज नाही. ते नाम आहे."



आजी हे सगळं लेकीकडून भाषांतर करून घेत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मला ऐकू येत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मला वाटलं माझ्यासाठी प्रार्थना चाललीय. बंद करा कसं म्हणणार?"

आईला हे सांगितल्यावर ती विरघळली. पण नाम थांबवायला तयार होईना. एकदा सुरू केलं की केलं, तिचं म्हणणं. आणि रेकॉर्डिंग पुन्हा करायला हवं, कारण मुदत संपायला एकच रविवार उरला होता. तो गेला की तरुण अभिनेत्री. बायकोने सुचवलं की यंत्र शेजारच्या घरी नेऊन ठेवू. आई म्हणाली, देव एकटा कसा पाठवायचा? मग तिनेच तोडगा काढला. यंत्र घेऊन ती गाडीत बसेल, आणि गाडी रस्त्याच्या कोपऱ्यावर, डेअरीसमोर. डेअरी म्हणजे इथे दुधाची नव्हे, कोपऱ्यावरचं किराणा दुकान.

"थंडी आहे आई, अर्धा-पाऊण तास लागेल."

"शाल आहे. थर्मासमध्ये चहा द्या. काचा वर करून बसते. गाडीत चहा चालतो ना, का तिथेही तुझ्या बायकोच्या अटी आहेत?"

दुसऱ्या रविवारी सकाळी मी आईला गाडीतून कोपऱ्यावर सोडून चालत घरी आलो. तिच्या मांडीवर यंत्र, यंत्रावर शालीचं टोक. नंतर कळलं की कुत्रा फिरवायला निघालेली एक बाई काचेवर टकटक करून "आर यू ओके, लव्ह?" विचारून गेली, आणि आईने तिला यंत्र दाखवून हात जोडले. त्या बाईनेही हात जोडले.

इकडे अ‍ॅपवर सत्तावीस. माझ्या हातात सायकलचा दिवा, आणि पहिल्यांदाच मला घर रिकामं वाटलं. आजी बसल्या, पाणी प्यायल्या, पानं लावून घेतली. पहिल्या वाक्यापासूनच कळत होतं की आज वेगळं चाललंय. त्या जास्त हळू बोलत होत्या. पण प्रत्येक ओळ वेळेत संपत होती. पडद्यावर एक सिमेंटचा धक्का, मागे डोंगर, गंजलेली क्रेन. शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं. चित्रात बंदर वरून दिसायला लागलं, होड्या अगदी लहान झाल्या. मी अर्धा सेकंद आधी दिवा लावला. त्यांनी श्वास घेतला आणि बोलल्या, आणि वाक्याच्या मध्यावर आवाज हलला. जेमतेम. पान त्यांनी टॉवेलवर ठेवलं.

"काय वाक्य होतं?" बाहेर आल्यावर बायकोने विचारलं.

"आता या बंदरात सात होड्या आहेत," आजी म्हणाल्या. "एवढंच."

"आणि तुमच्या वेळी?"

"मोजत नव्हतो. त्यांच्यावरून चालत पलीकडे जायचो."

फाइल गेली. या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. गृहस्थांनी विश्रांती घेतल्याबद्दल आभार. सगळं निर्दोष आहे. फक्त शेवटच्या वाक्यात आवाज थोडा हलला आहे, तेवढं एक वाक्य पुन्हा पाठवाल का?

मला हायसं वाटलं. "सहा सेकंदांचं काम. आत्ताच करू."

"नाही," आजी म्हणाल्या.

"का? बरं नाही वाटत?"

"बरी आहे. ते वाक्य तसंच राहील."

मी समजवायला गेलो. सगळा भाग पास झालाय, सहा सेकंदांसाठी कशाला धोका पत्करायचा, निर्मात्याकडे दुसरी नटी तयार आहे, मुदत परवा संपतेय. हे सगळे मुद्दे बरोबर होते. आजी शांतपणे ऐकत होत्या.

"कॅमेऱ्यासमोर आवाज हलव म्हणाले की मी हलवायचे," त्या म्हणाल्या. "डावीकडे बघताना हलव, उजवीकडे बघताना नको, तसंही केलंय. हा मी हलवला नाही. पुन्हा वाचलं तर मला हलवावा लागेल, नाहीतर थांबवावा लागेल. दोन्ही मला येतं. म्हणून नको."

"पण त्यांनी पूर्ण भागच दुसरीकडून वाचून घेतला तर?"

"तर माझं बंदर ती वाचेल."

"अहो, गप्प बसा आता," बायको म्हणाली. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तीही म्हणाली, "नको म्हणतेय ना ती? मग नको."

आजींनी स्वतः उत्तर लिहिलं, दोन ओळींचं. निर्मात्याचं उत्तर आलं की आपल्या भावनांचा आदर आहे, आम्ही सर्व बाजूंनी विचार करू. लेकीने वाचून दाखवलं आणि आजींकडे बघितलं.

"नम्र आहे," मी म्हटलं.

"खूप," आजी म्हणाल्या.

त्यानंतर टोकियोहून काहीच आलं नाही. तीन-साडेतीन आठवडे. आजी नेहमीसारख्या दुपारी येत होत्या, मालिका बघत होत्या, आणखी दोन पात्रांचे मृत्यू त्यांनी आधी सांगितले. पण मेल आली का हे त्यांना कुणी विचारायचं नाही असा बायकोने दंडक घातला होता. मीच एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "विचारायला फोन केला तर ते नम्रपणे उत्तर देतील."

शेवटचा भाग सप्टेंबरातल्या एका रविवारी जपानात सकाळी आठला होता, म्हणजे आमच्याकडे अकराला. इंटरनेटवरून जपानी वाहिन्या दाखवणारा डबा लेकीच्या घरी होता. आम्ही तिघं गेलो. आईने नारळाच्या वड्या केल्या होत्या, ओटाहुहूच्या बाजारातून नारळ आणून. त्या टेबलावर तशाच राहिल्या.

सुरुवातीचं संगीत वाजलं. मग धक्का, डोंगर, क्रेन. आणि आवाज. आजींचाच. बायकोने माझा हात दाबला, आई म्हणाली, "हीच ना? हीच ना?" आजींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, सुटलो. पण त्या खुर्चीच्या टोकावर तशाच बसून होत्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या दृष्टीने अजून काही झालेलंच नाही. बाकी सगळं त्यांचं ठेवून शेवटचं वाक्य दुसऱ्या कुणाच्या आवाजात घालता येतं. किंवा गाळून टाकता येतं, नुसतं चित्र आणि संगीत.

अर्धा तास कुणी हललं नाही. एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत काहीतरी बोलला आणि लेक हसली, तेवढंच. मग चित्र वर वर जायला लागलं. होड्या लहान झाल्या. माझा अंगठा आपोआप दाबला गेला, हातात दिवा नसताना. संगीत थांबलं.

आजींचा आवाज आला, आणि मध्यावर हलला.

मग पाणी, आणि नावांची पट्टी. लेकीने डोळे पुसले. बायकोही पुसत होती. आजी काहीतरी म्हणाल्या, जपानीत, एकच वाक्य. लेक रडता रडता फसकन हसली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"माझी आई म्हणतेय, निर्मात्याचं बरोबर होतं. जरा जास्तच हललाय. पुन्हा घ्यायला हवं होतं."

"मी हेच सांगत होतो!" मी म्हटलं. बायकोने माझ्याकडे बघितलं तसा मी थांबलो.

आजींनी लेकीकडून शेवटच्या मिनिटाचा भाग पुन्हा लावून घेतला. ऐकला. डोकं हलवलं. पुन्हा लावायला सांगितला. श्वास उशिरा घेतलाय, म्हणाल्या, आणि 'सात' वर इतकं थांबायचं कारण नव्हतं. मग त्यांनी एक वडी उचलली, अर्धी तोंडात टाकली आणि माझ्याकडे वळल्या.

"इंजिनिअर-सान, कपाट आहे ना अजून?"

"आहे की."

"मग उद्या एकदा बघू. पाठवायचं नाही कुणाला. नुसतं बघू, नीट येतं का."

मी बायकोकडे बघितलं. कपाट तिचं.

"उद्या सोमवार," ती म्हणाली. "मागच्या प्लॉटवर खिळे ठोकतात दिवसभर. रविवारी या."